सात नंबरचं पाणी

फोन वाजला तेव्हा बाईंनी पेनाचं टोपण काढलेलं होतं. समोर आठवा अहवाल होता आणि सहीची जागा रिकामी होती.

"मॅडम, सही केलीत का?" पलीकडून प्रयोगशाळेतला केमिस्ट विचारत होता. हा माणूस एरवी पाच मिनिटं स्वतःच्या पाठदुखीबद्दल बोलल्याशिवाय मुद्द्यावर येत नसे.

"करतेच आहे. का?"

"मग थांबा. काल एक बाई खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत पाणी घेऊन आली होती. विहिरीचं पाणी आहे, वास येतो म्हणाली. मी म्हटलं बघू या, ठेवा. आज सकाळी यंत्रावर लावलं."

"मग?"

"सॉल्व्हंट. मर्यादेच्या चाळीस पट."

"विहीर कुठली?"

"कारखान्याच्या कुंपणापलीकडची वस्ती आहे ना, तिथली. घरांची पहिली ओळ."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

बाई भूजल तपासणी अधिकारी होत्या. तो कारखाना यंत्रांचे लहान-लहान सुटे भाग बनवायचा. भागांवरचं तेल सॉल्व्हंटने धुवायचं आणि वापरलेलं सॉल्व्हंट मागच्या खड्ड्यात ओतून द्यायचं, असा तिथला पूर्वीचा रिवाज. ते जमिनीत मुरलं आणि खालच्या पाण्याला जाऊन मिळालं. दहा वर्षांपूर्वी हे उघडकीस आलं, तेव्हापासून पंप लावून ते पाणी उपसायचं आणि कोळशाच्या मोठ्या पिंपांतून गाळायचं काम चालू होतं. पाणी सुधारतंय की नाही हे बघायला आठ बोअर खणलेल्या होत्या. त्यांतली सात नंबरची अगदी कुंपणाला लागून होती. विष वस्तीकडे निघालं तर आधी सात नंबरमध्ये दिसणार.

आणि सात नंबर दोन वर्षं स्वच्छ होती. दर तीन महिन्यांनी एक अहवाल, असे सात अहवाल झाले होते. सातांवर बाईंची सही होती. दुसऱ्या अहवालानंतर कुंपणाजवळचे तीन पंप बंद करायचा आदेशही त्यांनीच काढला होता. आता आठव्यावर सही झाली की चार वाजताच्या बैठकीत सफाई पूर्ण झाल्याचा दाखला निघणार, उद्या उरलेले पंप उखडून ट्रकमध्ये भरणार. ऑफिसात कुणीतरी केकसुद्धा आणून ठेवला होता.

घड्याळात साडेनऊ झाले होते. बाईंनी ड्रायव्हरला हाक मारली.

*

लाँड्री म्हणजे एकच खोली होती. दोन शेगड्या, त्यांवर दोन भली मोठी पातेली, मध्ये इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला टेकवलेले कपड्यांचे गठ्ठे. आत शिरताच वाफेने बाईंचा चष्मा पांढरा झाला. वास जाणवायला मात्र चष्मा लागत नव्हता. गोडसर वास. बाईंनी तो दहा वर्षांपूर्वी त्या खड्ड्याच्या काठावर घेतलेला होता, आणि असे वास माणूस विसरत नाही.

लाँड्रीवाली पन्नाशीची, हसऱ्या तोंडाची होती. सरकारी माणूस आपल्या बाटलीमुळे आला याचं तिला भारी अप्रूप वाटत होतं.

"वास कधीपासून येतो?"

"तीन महिने झाले असतील. आधी मला वाटलं साबण बदललाय, त्याचा येतोय. दुकानदाराशी भांडूनसुद्धा आले!"

"बाटली अशी काठोकाठ भरून आणायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अर्धी बाटली कुणाच्या हातात ठेवतात का? बरं दिसतं का ते?"

बाईंना हसू आलं. बाटलीत थोडी जरी हवा राहिली तरी सॉल्व्हंट पाण्यातून उडून त्या हवेत जातं, हे त्यांना शिकायला सहा महिने लागले होते.

"तब्येत कशी आहे?"

"दुपारनंतर डोकं धरतं. बोटांना मुंग्या येतात. पण इस्त्री करणाऱ्यांना येतातच म्हणे."

"खिडकी का बंद?"

"रस्त्याची धूळ येते ना. पांढऱ्या कपड्यांवर बसली की गिऱ्हाईक माझ्या नावाने शंख करतं."

"हे सगळं पाणी उकळता?"

"सगळं. प्यायचं, धुवायचं, इस्त्रीत घालायचं. दादाने बजावून ठेवलंय. दीड वर्ष झालं. उकळ म्हणाला, आणि झाकण उघडं ठेव. मी म्हटलं, अरे किती जळण जातं, तर केवढ्याने खेकसला माझ्यावर! तोही कारखान्यातच आहे. इथली अर्धी वस्ती तिथेच आहे म्हणा."

बाईंनी वहीत लिहिलं. तीन महिने. डोकं. मुंग्या. खिडकी बंद. दीड वर्ष, झाकण उघडं. सगळं नीट एकाखाली एक लिहिलं आणि वही मिटली. लिहून घेतलेलं सगळं डोक्यात शिरतंच असं नाही.

निघताना बाई लाँड्रीच्या उंबऱ्यापासून कुंपणापर्यंत पावलं मोजत गेल्या. दीडशे भरली.

*

"मॅडम, अहो, आज आनंदाचा दिवस!" मॅनेजर दारातच भेटला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. बाईंनी बाटलीची हकिगत सांगितली तेव्हा त्याचं हसू जागचं हललं नाही, नुसतं थोडं घट्ट झालं.

"लाँड्रीवाली? अहो, तिनेच काहीतरी डाग काढायचं औषध विहिरीकाठी सांडलं असेल."

"चाळीस पट?"

"मला त्यातलं काय कळतं? मला एवढंच कळतं, की सात नंबर स्वच्छ आहे. तुमचीच सही सांगते. आणि दाखला मिळाला नाही तर मालक इथे कुलूप लावणार, हेही मी कधी लपवलेलं नाही. चारशे माणसं आहेत, मॅडम."

"सात नंबरची किल्ली कुणाकडे असते?"

"वॉचमनकडे. मी तर त्या कोपऱ्यात वर्षभरात पाऊल टाकलेलं नाही."

हे मात्र खरं असावं. त्याचे बूट तसे दिसत होते.

वॉचमन फाटकाजवळच्या खोलीत होता. त्याने रजिस्टर उघडून पुढे सरकवलं.

"किल्ली फक्त पंपवाल्या काकांना देतो, मॅडम. सहीशिवाय नाही."

"कधी-कधी?"

"तुम्ही पाणी न्यायला येता त्या सकाळी. आणि आदल्या दिवशी दुपारी."

"आदल्या दिवशी कशाला?"

"बोअर आधी थोडी उपसून ठेवतो म्हणतात. येतात बादली, दोरी घेऊन. चोख माणूस हो! आम्ही इथे डुलक्या काढतो, पण काकांचं काम वेळच्या वेळी."

"आणखी कुणी जातं तिकडे?"

"चिखल तुडवत कोण जाणार? तुम्ही तरी कुठे जाता?"

वॉचमन सहज बोलून गेला. बाईंना मात्र ते झोंबलं, कारण खोटं नव्हतं. बोअरमध्ये साचून राहिलेलं जुनं पाणी आधी उपसून टाकावं लागतं, ताजं आलं की मग बाटली भरायची. एकेका बोअरला दोन तास. बाई पहिल्या काही बोअरवर स्वतः उभ्या राहत. सात नंबरची वेळ येईपर्यंत पाय भरून आलेले असत, मग त्या पंपघरात कागद भरत बसत. काका बाटली आणून देत आणि बाई तिला सील लावत. सील पक्कं असे. दोन वर्षांत एकदाही फुटलेलं नव्हतं.

*

पंपघर म्हणजे वर पत्रा आणि चारी बाजूंनी नुसती जाळी. वारा आरपार वाहायचा. काका टेबलावरची माशांची काचेची टाकी पुसत होते. आत दोन केशरी मासे, आणि टाकीच्या पाण्यात हवा सोडणारा मुठीएवढा छोटा पंप घुर्रघुर्र करत होता.

"या बाई, बसा. आज तर तुमचा शेवटचा फेरा."

बाई या खात्यात नव्या होत्या तेव्हा बाटली कशी भरायची ते त्यांना कुठल्या वर्गात नाही, या माणसाने शिकवलं होतं. पाणी बाटलीच्या तोंडावर फुगून आलं पाहिजे. मग झाकण लावायचं, बाटली उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ओतून टाकायची आणि परत भरायची. काकांच्या बाटलीत बुडबुडा कधी सापडला नाही.

"काका, सात नंबरचं पाणी मला आत्ता हवंय. ताजं. मी स्वतः भरणार."

काकांचा फडक्यावरचा हात थांबला. "आत्ता?"

"आत्ता."

"दोन तास लागतील."

"थांबते."

बाई दोन तास चिखलात उभ्या राहिल्या. पाणी काचेसारखं नितळ येत होतं. बाईंनी स्वतः बाटली भरली, उलटी केली, टिचकी मारली, सील लावलं आणि ड्रायव्हरला प्रयोगशाळेकडे पिटाळलं. उरलेलं पाणी एका काचेच्या पेल्यात होतं. तो त्यांनी पंपघरात टाकीशेजारी ठेवला आणि वाट बघत बसल्या.

वाट बघताना माणूस नजरेला पडेल ते बघत राहतो. माशांच्या पंपाला दोन नळ्या होत्या. एक टाकीत सोडलेली होती, तिच्या टोकाचा बुडबुडे काढणारा दगड शेवाळाने हिरवा झालेला. दुसरी गुंडाळी करून खिळ्याला टांगलेली होती. तिच्या टोकाचा दगड तांबूस होता.

"ही दुसरी नळी कशाला?"

"पूर्वी आणखी एक टाकी होती. मासे मेले." काका पाठमोरेच बोलले.

बाईंना मग उगाच जुनं काही आठवलं. कुंपणाजवळचे पंप बंद करायचा आदेश घेऊन त्या आल्या होत्या तेव्हा काका म्हणाले होते, "चालू ठेवू या ना बाई. काय बिघडतंय?" तीनदा म्हणाले होते. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या नोकरीची काळजी. त्यांनी समजूत घातली होती, पाठीवर हातसुद्धा ठेवला होता.

तीन वाजता केमिस्टचा फोन आला. पाठदुखीचा विषय या वेळीही नव्हता.

"तीनशे पट, मॅडम."

बाईंनी खुर्चीचा हात धरला. "क्षार बघितलेस? मागच्या आठ बाटल्यांशी ताडून?"

"तेच आधी बघितलं. क्षार तंतोतंत जुळतात. आठही बाटल्यांत पाणी सात नंबरचंच होतं. कुणी नळाचं पाणी भरून दिलं असं काही नाही."

मॅनेजर मागे येऊन उभा होता. त्याने फोनमधला आवाज ऐकला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा! पाणी तिथलंच, तेव्हा स्वच्छ, आज खराब. म्हणजे आठवी बाटली भरून चार दिवस झाले, त्या चार दिवसांत आलं असेल. त्याला कोण काय करणार?"

बाईंना क्षणभर तेच खरं असावंसं वाटलं. तसं असतं तर कुणाचीच चूक नव्हती, त्यांचीही नव्हती. मग त्यांची नजर टाकीशेजारच्या पेल्याकडे गेली. काचेसारखं नितळ पाणी आता कोऱ्या चहासारखं दिसत होतं आणि तळाशी तांबूस गाळ बसत होता.

"हा गाळ..." त्या फोनवर म्हणाल्या.

"मग? मी शेऱ्यात लिहिलंय ना." केमिस्ट चक्रावलाच. "आठही वेळा लिहिलं, सात नंबर, तळाशी तांबूस गाळ. बाकीच्या बोअरना कधी नव्हता, म्हणून मुद्दाम लिहायचो. तुम्ही वाचला नाहीत?"

बाईंनी पिशवीतून अहवालांची चळत काढली. पहिल्या पानावर आकडा. आकडा स्वच्छ. शेवटच्या पानावर शेरा, आणि शेऱ्याच्या बरोबर खाली त्यांची सही. आकडा बघायचा आणि सही करायची. सात वेळा त्या ओळीवरून हात फिरला होता, डोळे फिरले नव्हते.

*

साडेतीनला त्यांनी वॉचमनलाही बोलावून घेतलं. पंपघरात चौघं होती आणि दोन मासे.

"आधी मॅनेजरसाहेबांचा मुद्दा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. "चार दिवसांत आलं म्हणतात. इथलं खालचं पाणी दिवसाला वीतभर सरकतं. हे मी आज सांगत नाही, दहा वर्षांच्या नोंदी सांगतात. कुंपणापासून लाँड्री दीडशे पावलं. एका पावलात तीन विती धरा. साडेचारशे विती, म्हणजे साडेचारशे दिवस. सव्वा वर्ष. लाँड्रीत वास यायला लागून तीन महिने झाले. सव्वा वर्ष आणि तीन महिने किती होतात?"

"दीड वर्ष," वॉचमन हिशेब करून म्हणाला.

"दीड वर्षापूर्वी मी कुंपणाजवळचे पंप बंद केले. पंप विषाला आत ओढून धरत होते. ते थांबले त्या दिवशी विष निघालं. म्हणजे तेव्हाही सात नंबर खराबच होती. पण बाटल्या स्वच्छ होत्या."

"मग बाटल्या बदलल्या," मॅनेजर म्हणाला. "प्रयोगशाळेत."

"प्रयोगशाळेने काही दडवायचं असतं तर तो गाळाचा शेरा आठ वेळा लिहिला नसता. आणि बाटल्या बदललेल्याच नाहीत, पाणी सात नंबरचंच होतं. मला कोडं पडलं होतं ते इथेच. पाणी तेच, क्षार तेच, फक्त सॉल्व्हंट नाही. पाण्यातून एवढं एकच कसं काढून घेणार?" त्यांनी पेला उचलून धरला. "हे दुपारी नितळ होतं. सात नंबरच्या पाण्यात लोह विरघळलेलं आहे. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तळाशी बसतो. काठोकाठ भरून सील केलेल्या बाटलीत हवा नसते. तिच्यात गाळ दिसायला नको. पण आठही बाटल्यांत होता. म्हणजे पाण्याला बाटलीत जायच्या आधीच हवा लागली होती, आणि तीही चांगली भरपूर. सॉल्व्हंटला हवा मिळाली की ते उडून जातं. क्षार मात्र जागच्या जागी राहतात."

माशांचा पंप घुर्रघुर्र करत होता.

"आदल्या दुपारी किल्ली घ्यायची. बादलीभर पाणी आणायचं. त्यात रात्रभर हवा सोडायची. सकाळी मी पंपघरात कागद भरत बसलेली असताना त्याच पाण्याची बाटली भरून आणायची. एकही बुडबुडा न ठेवता." बाईंनी खिळ्यावरची नळी काढली आणि टेबलावर ठेवली. "माशांच्या टाकीत दगड हिरवा होतो, काका. तांबडा होत नाही."

काका त्या दगडाकडे बघत राहिले. मग खाली बसले, स्टुलावर नाही, जमिनीवरच.

"हो," ते म्हणाले.

"काका!" वॉचमनच्या तोंडून निघालं.

"का केलंत?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, सात नंबर स्वच्छ आली नाही तर मालक कुलूप लावणार. कशी येईल ते मला विचारू नका, म्हणाले, पण आली पाहिजे. चारशे घरं आहेत बाई. सगळी ओळखीची."

बाईंनी मॅनेजरकडे बघितलं.

"मी असं म्हणालो?" मॅनेजरने भुवया उंचावल्या. "कुठे लिहिलंय? मला तर आत्ता कळतंय. धक्काच बसला मला." तो घड्याळ बघत होता.

कुठेच लिहिलेलं नव्हतं. तांबूस दगड काकांचा होता, किल्लीच्या रजिस्टरात सही काकांची होती, आणि अहवालांवर बाईंची. त्याची सही म्हणाल तर कशावरच नव्हती. बाईंना त्याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं आपण काहीएक वाकडं करू शकत नाही हेही त्याच क्षणी कळलं.

"मला वाटलं, कागद स्वच्छ होईल आणि पंप चालूच राहतील," काका सांगत होते. "विष आतच राहील, मग कुणाचं काय जातंय? तुम्ही पंप बंद करायला आलात तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी म्हटलं होतं बाई, चालू ठेवा."

"कारण का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही. मग वाटलं, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने सही केलीय, तर तेवढं काही वाईट नसेल."

बाईंनी वही उघडली. सकाळी लिहिलेलं सगळं नीट एकाखाली एक होतं. दीड वर्ष, झाकण उघडं.

"जंतू मारायला पाणी उकळतात, तेव्हा झाकण ठेवलं तरी चालतं," त्या हळू म्हणाल्या. "ठेवावंच, जळण वाचतं. झाकण उघडं ठेवा असं कोण सांगेल? ज्याला पाण्यातून काहीतरी उडून जायला हवंय तो. आणि दीड वर्षापूर्वी सांगेल, पाण्याला वास यायच्याही आधी. लाँड्रीवाली तुमची बहीण ना, काका?"

"धाकटी." काकांनी मान वर केली. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा धीर होता. "तिला मी काही होऊ दिलेलं नाही बाई. सगळ्यांना सांगता येत नव्हतं, पण तिला सांगितलं. थेंबसुद्धा कच्चा पीत नाही ती. उकळलं की उडून जातं. तुम्हालाही ठाऊक आहे."

"उडून कुठे जातं, काका?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. चारी बाजूंना जाळी होती आणि वारा आरपार वाहत होता. दोन वर्षं इथल्या बादलीतून जे उडालं ते वाऱ्यावर गेलं, त्याचा कधी वाससुद्धा राहिला नाही. मग त्यांना बहिणीची खोली आठवली असावी. दोन शेगड्या, दोन पातेली, बंद खिडकी. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"दिवसभर?" ते म्हणाले. "ती दिवसभर असते तिथे."

*

आठव्या अहवालावर सही झाली नाही. बैठक रद्द झाली. कुंपणाजवळचे तीन पंप काकांनीच सुरू करून दिले, कारण दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. पंप व्यवस्थित चालू झाले, पण ते ओढणार होते कुंपणाच्या आतलं पाणी. पलीकडे गेलेलं मागे येणार नव्हतं. वस्तीत नव्या बोअर खणायच्या तर परवानग्या, मंजुऱ्या, यंत्रं. बाईंना आपलं खातं ठाऊक होतं, सगळं धरून दोन वर्षं सहज जाणार. दिवसाला वीतभर. त्यांनी मनातल्या मनात ओळी मोजल्या. तोवर दुसरी ओळ गेलेली असेल, तिसरी लागली असेल. विहिरींना उद्या कुलपं लावता येतील, टँकर मागता येईल. जमिनीखाली मात्र कुणाला काही करता येणार नव्हतं.

काकांच्या विरुद्ध तक्रार बाईंनाच लिहावी लागणार होती. स्वतःच्या विरुद्धही काहीतरी लिहावं लागणार होतं, ते कोणाच्या नावे पाठवायचं हे त्यांना अजून कळत नव्हतं.

"तिला मी सांगतो," काका म्हणाले. "तुम्ही फक्त बरोबर चला."

दोघं दीडशे पावलं चालत गेली. बाईंनी या वेळी मोजली नाहीत.

लाँड्रीवालीने दोघांना एकत्र बघितलं आणि खूश झाली. "अगं बाई, दादा! तुमची ओळख आहे होय? या, या, बसा." तिने गठ्ठे सरकवून जागा केली. पातेली रटरटत होती. वाफेत तिचा चेहरा अर्धा दिसत होता. "मॅडम, माझ्या बाटलीचं काय निघालं? पंप सुरू झालेत म्हणे. आता होईल ना पाणी चांगलं?"

बाई काकांकडे बघत होत्या.

"आणि ह्याला सांगा हं, मी ऐकते ह्याचं. मला सारखा विचारत असतो." तिने कपाळ दाबत हसून पातेल्याकडे बोट दाखवलं. "बघ. झाकण उघडंच आहे. दीड वर्षात एकदाही ठेवलेलं नाही."

काका भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

"दादा? अरे, काय झालं तुला? मॅडम, काय झालं ह्याला?"

सांगणं आता बाईंवरच आलं होतं. त्यांनी आधी शेगड्या बंद केल्या. मग खिडकीपाशी गेल्या. कडी गंजून घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली.

"मॅडम, नको, धूळ येईल!" लाँड्रीवाली पुढे धावली. "पांढरे कपडे आहेत सगळे!"

"येऊ द्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकी पूर्ण उघडली.